ड्युटेरियम भरलेल्या धातुभुकटीतील जादा उष्णता : कोणती नोंद ग्राह्य धरावी?

(चर्चा; प्रत्येक टिपणाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

धातुकण

नमस्कार. झिर्कोनियामध्ये निकेल आणि पॅलेडियम यांचे नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेली भुकटी आम्ही सध्या तपासत आहोत. झिर्कोनियम, निकेल आणि थोडे पॅलेडियम असलेला मिश्रधातू हवेत बराच काळ तापवला की झिर्कोनियमचे ऑक्साइड बनते आणि उरलेले धातू त्यात बारीक कणांच्या रूपाने अडकून राहतात. जपानमधील गटांनी वापरलेली पद्धत साधारण हीच आहे. शंभर ग्रॅमच्या आसपास भुकटी स्टेनलेस स्टीलच्या पात्रात भरून पात्र निर्वात केले जाते, खोलीच्या तापमानाला काही बार दाबाने ड्युटेरियम (हायड्रोजनचे जड समस्थानिक) सोडले जाते आणि नंतर पात्र ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते. हीटर डीसी पुरवठ्यावर चालतो. पात्राभोवतीच्या नळीतून तेल फिरते आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या तेलाच्या तापमानांतील फरकावरून उष्णता काढली जाते. पात्राच्या आत आणि भिंतीवर तापमान मोजण्यासाठी के प्रकारची थर्मोकपल बसवलेली आहेत.

आम्हाला दोन गोष्टी दिसतात. वायू सोडताच तापमान झपाट्याने चढते आणि हळूहळू उतरते. या टप्प्यातील उष्णता ड्युटेरियममध्ये साध्या हायड्रोजनपेक्षा ठळकपणे जास्त भरते. पुढे ३०० अंशांवर, हीटरला १५० वॅट देत असताना, निष्क्रिय नमुन्याच्या तुलनेत सुमारे ३ वॅट जास्त उष्णता दिसते आणि ती टिकून राहते. निष्क्रिय नमुना म्हणून झिर्कोनियाचे मणी आणि आर्गॉन वापरला आहे. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की रसायनशास्त्राच्या दृष्टीने हायड्रोजन आणि ड्युटेरियम एकच असल्यामुळे ही उष्णता अणुगर्भातून, म्हणजे शीत संलयनातून, येते हे सांगायला पहिल्या टप्प्यातील फरकच पुरेसा बोलका आहे. मला हे पटत नाही, परंतु ते कोणत्या मोजमापाने तपासावे हे नेमके सांगता येत नाही. या उष्णतेचा उलगडा होत नाही असे म्हणण्यापूर्वी कोणकोणत्या उष्णता वजा कराव्यात आणि तुलनेसाठी नेमके काय घ्यावे?

ताळेबंद

दोन्ही नोंदींची कारणे बहुधा वेगळी असल्यामुळे मी येथे फक्त पहिल्या टप्प्याबद्दल लिहितो.

पॅलेडियम ड्युटेरियम शोषून घेते तेव्हा प्रत्येक मोल वायूमागे सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हायड्रोजनसाठी हा आकडा किंचित जास्त, ३७ ते ४० च्या दरम्यान आहे. आपल्या भुकटीत १० ग्रॅम पॅलेडियम आहे असे समजू. ते ०.०९४ मोल होते. धातूच्या प्रत्येक अणूमागे ड्युटेरियमचे ०.७ अणू आत गेले, तर ०.०३३ मोल वायू शोषला जातो आणि १.१५ किलोज्यूल उष्णता निघते. म्हणजे निव्वळ शोषणाचा विचार केला तर हायड्रोजननेच थोडी जास्त उष्णता द्यायला हवी; आपल्याकडे उलट दिसते. ज्याअर्थी उलट दिसते त्याअर्थी शोषणाखेरीज दुसरे काही चालू आहे, इतके निश्चित. ते दुसरे काही अणुगर्भातलेच असले पाहिजे असे मात्र यातून निघत नाही.

हवेत तापवलेल्या भुकटीतील पॅलेडियमवर ऑक्साइड असतेच. ड्युटेरियम आत येताच ते ऑक्साइड मोडते, पाणी बनते आणि प्रत्येक मोलमागे १३० ते १५५ किलोज्यूल उष्णता सुटते, म्हणजे शोषणाच्या सुमारे चौपट. निकेलच्या ऑक्साइडची गोष्ट निराळी आहे: त्याची निर्मितीउष्णता पाण्याच्या वाफेच्या जवळपास तेवढीच असल्याने ते मोडताना उष्णतेची बेरीज शून्याजवळ येते. मिश्रधातूतील झिर्कोनियम पूर्ण ऑक्सिडीकृत झाले नसेल तर उरलेला धातू हायड्राइड बनवताना पॅलेडियमच्या चौपटीहून जास्त उष्णता देतो, आणि हे रकाने पुष्कळ अहवालांत कोरेच असतात. म्हणून पहिला प्रश्न असा, की ताज्या भुकटीवर आधी कोणता वायू सोडला होता? आधी ड्युटेरियम आणि नंतर त्याच भुकटीवर हायड्रोजन असा क्रम असेल, तर ऑक्साइडची सारी उष्णता ड्युटेरियमच्या खात्यावर जमा झाली आणि हायड्रोजनला स्वच्छ धातू मिळाला. अशा जोडीची तुलना करता येत नाही.

दुसरी गोष्ट समस्थानिकांच्या अदलाबदलीची. झिर्कोनियाच्या पृष्ठभागावर साधे पाणी आणि हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात आणि पॅलेडियम हा उत्तम उत्प्रेरक असल्यामुळे ड्युटेरियम त्यांच्यातील हायड्रोजनची जागा सहज घेते. साधे पाणी आणि ड्युटेरियम यांपासून जड पाणी आणि हायड्रोजन बनताना मोलमागे ७ ते ९ किलोज्यूल उष्णता सुटते. आकडा लहान वाटतो. परंतु १०० ग्रॅम भुकटीत १ टक्का ओलावा असेल तर ते ०.०५५ मोल पाणी झाले आणि त्याच्या अदलाबदलीतून सुमारे अर्धा किलोज्यूल निघतो, म्हणजे वरच्या उदाहरणातील शोषणउष्णतेच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. हायड्रोजन सोडल्यावर यातले काहीच घडत नाही, कारण हायड्रोजनच्या जागी हायड्रोजनच येतो. त्यामुळे या भुकटीसाठी साधा हायड्रोजन हा तटस्थ नमुना उरत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील गटाने २०१२ मध्ये पॅलेडियम मुरवलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीवर नेमके हेच दाखवले होते: भुकटी आधी तापवून ओलावा काढून टाकल्यावर ही अदलाबदलीची उष्णता नाहीशी झाली.

तपासण्याचा सोपा मार्ग असा, की ड्युटेरियमचा प्रयोग संपल्यावर पात्र निर्वात करून हायड्रोजन सोडावा. पृष्ठभागावर आता जड पाणी असल्याने अदलाबदल उलट दिशेने होईल आणि ती उष्णता शोषून घेईल. शोषणाची अपेक्षित उष्णता वजा केल्यावर उणे आकडा आला तर कारण सापडले. भुकटी फार तापवली तर बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, ही भीती रास्त आहे. तसे असल्यास सौम्य तापमानाला जड पाण्याची वाफ भुकटीवरून पुन्हा पुन्हा फिरवून आणि प्रत्येक वेळी निर्वात करून पृष्ठभाग आधीच ड्युटेरियमयुक्त करावा. मग अदलाबदलीला काही शिल्लकच राहत नाही.

जुनी_भट्टी

मी ३ वॅटबद्दल लिहितो. १५० वॅटवर ३ वॅट म्हणजे २ टक्के. तेलाचा प्रवाह किंवा तेलाची विशिष्ट उष्णता यांपैकी एकात १ टक्क्याची चूक असेल तर दीड वॅट तेथेच गेले. हा किरकोळ भाग झाला. मला खरी शंका आर्गॉनची येते.

खोलीच्या तापमानाला हायड्रोजनची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे ०.१८ वॅट, हेलियमची ०.१५, ड्युटेरियमची ०.१३ च्या थोडी वर आणि आर्गॉनची अवघी ०.०१८ आहे. हीटर भुकटीच्या आत असेल, तर आर्गॉनमध्ये त्याला तेवढेच १५० वॅट बाहेर टाकण्यासाठी कितीतरी जास्त तापावे लागते. मग उष्णतेचा मोठा वाटा तेलाकडे न जाता हीटरच्या तारा, थर्मोकपलची आवरणे आणि पात्राचे झाकण यांतून निसटतो. ड्युटेरियम भरले की वाट मोकळी होते, पूर्वी निसटणारी उष्णता तेलात उतरते आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे निष्क्रिय नमुन्यावरील मोजमापाच्या, तुलनेत ती ‘जादा’ दिसते. येथे कोणतीही नवी उष्णता निर्माण झालेली नसते. निकेल आणि हायड्रोजन यांच्याबद्दल १९९४ मध्ये इटलीतील गटाने जादा उष्णतेचा जो दावा केला होता, तो सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील काही संशोधकांनी १९९६ मध्ये तपासला, तेव्हा त्यांनाही तापमानातील वाढ दिसली. परंतु तापमान वाढले म्हणजे उष्णतेची निर्मिती वाढली असा पुरावा त्यांना मिळाला नाही. या क्षेत्रात तो निबंध जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही.

भुकटीत आणखी एक अडचण आहे. वातावरणीय दाबाला हायड्रोजनच्या रेणूचा मुक्त पथ (दोन टकरींमधले सरासरी अंतर) सुमारे ०.१ मायक्रोमीटर असतो आणि बारीक भुकटीतील पोकळ्या त्याच मापाच्या किंवा त्याहून लहान असतात. त्यामुळे मोकळ्या वायूची वाहकता दाबावर जवळजवळ अवलंबून नसली तरी भुकटीच्या थराची असते. त्यातच पॅलेडियमचे जालक (अणूंची स्फटिकरचना) वायू भरताना आकारमानाने सुमारे १० टक्के फुगते, कण सरकतात, थर नव्याने बसतो. आज केलेले कॅलिब्रेशन पुढच्या आठवड्यात त्याच भुकटीला लागू पडेलच असे नाही.

माझी सूचना अशी. पात्रात एक हीटर भुकटीच्या मध्यभागी आणि दुसरा भिंतीलगत असे दोन हीटर ठेवावेत आणि एकूण वीज तेवढीच ठेवून ती एकातून दुसऱ्याकडे वळवावी. तेलाने उचललेली एकूण उष्णता प्रत्येक वेळी तीच आली, तर यंत्रणेला उष्णता कोठे निर्माण होते याने फरक पडत नाही असे म्हणता येईल. ती अर्ध्या टक्क्याने जरी हलली, तरी ३ वॅटचा दावा करू नये. नंतर ड्युटेरियम भरलेल्या अवस्थेतच, दाब व तापमान न बदलता, मधल्या हीटरला नेमके ३ वॅट अधिक देऊन आकडा ३ नेच वाढतो का ते पाहावे. आर्गॉनऐवजी हेलियम घेतला तर वाहकता ड्युटेरियमच्या बरीच जवळ येते. आणि मण्यांऐवजी तितक्याच बारीक झिर्कोनियाची भुकटी घ्यावी. मणी आणि भुकटी यांच्या थरांत साम्य नाही.

थर्मोकपलबद्दल एवढेच, की के प्रकार साधारण २५० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात मिश्रधातूच्या अंतर्गत रचनेतील बदलामुळे काही अंशांनी सरकतो, म्हणजे आपण नेमके त्याच पट्ट्यात आहात. तेलासाठी प्लॅटिनमचे रोधक तापमापी वापरावेत आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या तेलावरचे तापमापी अधूनमधून अदलाबदल करून पाहावेत.

धातुकण

दोघांचेही आभार. ताज्या भुकटीवर आधी ड्युटेरियमच सोडले होते, त्यामुळे क्रमाचा मुद्दा लागू होतो. हीटर भुकटीच्या आतच आहे आणि पात्राचे झाकण तेलाच्या वेटोळ्याच्या बाहेर येते. हेलियमची सूचना उपयोगी वाटते. आणखी एक विचारतो. आमच्याकडे साधा चतुर्ध्रुवी वस्तुमान-विश्लेषक (वायूतील रेणू वस्तुमानानुसार वेगळे दाखवणारे यंत्र) आहे आणि प्रयोगानंतरच्या वायूत वस्तुमान ४ चे शिखर ठळक दिसते. त्याला हेलियम मानावे का? न्यूट्रॉन मोजक ठेवल्यास काही कळेल का?

वस्तुमान_चार

ते शिखर हेलियमचे मानू नये. ड्युटेरियमच्या रेणूचे वस्तुमान ४.०२८२ आणि हेलियमचे ४.००२६, फरक ०.०२५६ एककांचा, म्हणजे ते वेगळे दिसण्यासाठी विभेदनक्षमता १६० च्या आसपास हवी. साधा चतुर्ध्रुवी विश्लेषक शेजारची पूर्णांकी वस्तुमाने वेगळी करण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे ही दोन शिखरे त्यात एकच दिसतात. ड्युटेरियमने भरलेल्या पात्रात वस्तुमान ४ दिसले नाही तरच नवल. आधी गेटर (वायू शोषून घेणारा पदार्थ) लावून सारे ड्युटेरियम शोषून घ्यावे आणि उरलेला निष्क्रिय वायू मोजावा, किंवा उच्च विभेदनक्षमतेचे यंत्र वापरावे.

आता हेलियम किती अपेक्षित आहे ते पाहू. ड्युटेरियमच्या दोन अणुगर्भांपासून हेलियम-४ बनून सारी २३.८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा उष्णतेत गेली असे मानले, तर १ वॅटसाठी सेकंदाला सुमारे २६,००० कोटी अणू बनायला हवेत. एका वॅट-तासात त्यांचे आकारमान सामान्य दाब-तापमानाला ०.००००३५ घन सेंटिमीटर होते. हवेत हेलियम दशलक्ष भागांत ५.२ भाग असल्यामुळे जवळपास ७ घन सेंटिमीटर हवेत इतके हेलियम असतेच. आपले ३ वॅट सात दिवस टिकले तर ०.०१८ घन सेंटिमीटरच्या आसपास हेलियम मिळाले पाहिजे, आणि ते साडेतीन लिटर हवेतील हेलियमइतके आहे. इतकी हवा काही बार दाबाच्या पात्रात चुकून शिरणार नाही, त्यामुळे ही मोजणी अशक्य कोटीतील नाही. परंतु जुनी_भट्टी यांनी सुचवल्याप्रमाणे त्याच पात्रात हेलियमने कॅलिब्रेशन केले, तर भुकटीच्या पोकळ्यांत आणि रबरी कड्यांत हेलियम मुरेल आणि पुढची हेलियम-मोजणी कायमची संशयास्पद होईल. दोन्ही हवे असतील तर पात्रे दोन असावीत, किंवा हेलियमची मोजणी आधी उरकावी.

हा धोका काल्पनिक नाही. बर्लिनमध्ये पानेथ आणि पेटर्स यांनी १९२६ मध्ये बारीक पॅलेडियममध्ये हायड्रोजनचे हेलियम होते असे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ते मागे घेतले, कारण सापडलेले हेलियम काचेतून व अ‍ॅस्बेस्टॉसमधून येत होते.

न्यूट्रॉन मोजक जरूर ठेवावा, पण त्याची उपयुक्तता मर्यादित आहे. ड्युटेरियमचे नेहमीचे संलयन दोन वाटांनी जवळपास निम्मे-निम्मे होते: एकीत न्यूट्रॉन सुटतो, दुसरीत ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी समस्थानिक) बनते. त्या हिशेबाने १ वॅटला सेकंदाला सुमारे ८५,००० कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतील आणि शेजारी उभा असलेला माणूस वाचणार नाही. म्हणून न्यूट्रॉन न दिसल्याने उष्णतेचा प्रश्न सुटत नाही. ती नेहमीच्या वाटेने आलेली नाही एवढेच सिद्ध होते. ट्रिटियमची मोजणी फार संवेदनशील असते आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील गटांनी १९८९ मध्ये विद्युत्-अपघटनाच्या प्रयोगांत प्रामुख्याने त्याच्याच नोंदी दिल्या होत्या. तथापि विकत मिळणाऱ्या ड्युटेरियममध्ये मुळातच थोडे ट्रिटियम असू शकते, त्यामुळे सिलिंडरमधील वायूचा नमुना प्रयोगाआधी काढून ठेवलेला नसेल तर नंतरची मोजणी वाया जाते.

पुनरावृत्ती

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत. एका ठिकाणी भर घालतो. ताळेबंद यांनी हायड्रोजन तटस्थ नाही याचे रासायनिक कारण दिले, पण दुसरे कारण दाव्यांतूनच येते. ओसाका विद्यापीठात योशिआकी अराता यांनी २००८ मध्ये जे प्रात्यक्षिक केले, ते झिर्कोनियातील पॅलेडियम आणि ड्युटेरियम यांचे होते. त्यानंतर कोबे विद्यापीठातील गटाने आणि पुढे जपानमधील अनेक विद्यापीठे व कंपन्या यांच्या संयुक्त प्रकल्पाने २०० ते ३०० अंशांवर काही वॅट जादा उष्णतेच्या ज्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत निकेल व तांबे असलेल्या भुकटीत साध्या हायड्रोजननेही जादा उष्णता आढळल्याचे म्हटले आहे. हे खरे मानले, तर हायड्रोजनला शून्य धरणे चूक. खरे नाही असे मानले, तर त्या उष्णतेचे साधे कारण ड्युटेरियमलाही लागू होते. कोणतीही बाजू घेतली तरी भुकटी जेथे नाही, किंवा जेथे निव्वळ झिर्कोनिया आहे, तेथेच शून्य शोधावे लागते.

दुसऱ्या बाजूला गूगलच्या पैशाने चाललेला आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयत्न आहे. त्यात धातूची भुकटी हायड्रोजनमध्ये तापवून ४२० नमुने तपासले गेले आणि जादा उष्णता एकाही नमुन्यात सिद्ध झाली नाही. त्या नमुन्यांची घडण आपल्या भुकटीसारखी नव्हती, त्यामुळे तो निकाल आपल्या भुकटीवरचा निवाडा ठरत नाही. मात्र उच्च तापमानाच्या कॅलरीमीटरसाठी (उष्णता मोजणाऱ्या उपकरणासाठी) किती कष्ट घ्यावे लागतात, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

ऊर्जेच्या बेरजेबद्दल एक सावधगिरी. ३ वॅट सात दिवस म्हणजे सुमारे १८ लाख ज्यूल; भुकटीत धातूचे अणू १ मोल धरले तर प्रत्येक अणूमागे १९ इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात, आणि रासायनिक बदल अणूमागे फार तर काही इलेक्ट्रॉनव्होल्ट देतात. वाचताना हा युक्तिवाद निर्णायक वाटतो. परंतु शून्यच २ टक्क्यांनी चुकले असेल तर तीही चूक दर सेकंदाला ३ ज्यूलप्रमाणे साचत जाते आणि सात दिवसांनी तितकीच भव्य दिसते. दीर्घकाळ चालवण्याने साठवलेल्या रसायनांचा संशय दूर होतो, कॅलिब्रेशनचा होत नाही. त्यासाठी आलटूनपालटून दोन जुळी पात्रे चालवावीत, कोणत्या पात्रात सक्रिय भुकटी आहे हे आकडे काढणाऱ्याला सांगू नये, आणि काही काळाने दोन्ही पात्रांतील भुकटी बदलून पाहावी. जादा उष्णता भुकटीबरोबर सरकते की पात्रालाच चिकटून राहते, हे कळले की पुढची निम्मी चर्चा वाचेल.

ताळेबंद

जुळ्या पात्रांची सूचना उत्तम आहे, पण भुकटी बदलण्यासाठी पात्र उघडावे लागेल म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ड्युटेरियम भरलेले बारीक पॅलेडियम आणि नुकतेच ऑक्साइडमुक्त झालेले निकेल हवेच्या संपर्कात आपोआप पेटू शकतात. पात्र तापते ठेवून आधी दीर्घकाळ निर्वात करावे, मग थंड झाल्यावर आर्गॉन भरून त्यात अगदी थोडी थोडी हवा सोडावी आणि प्रत्येक वेळी तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. या वेळी बाहेर पडणारी उष्णताही नोंदवून ठेवावी, कारण पृष्ठभागावर किती धातू उघडा होता याचा अंदाज त्यावरून येतो आणि पुढच्या खेपेला ऑक्साइड मोडताना किती उष्णता निघेल ते आधीच सांगता येते. निकेलची भुकटी श्वासावाटे आत जाणे आरोग्याला घातक असल्याने हे काम बंदिस्त पेटीत हातमोजे घालूनच करावे. वायूचा नमुना काढायचा असेल तर तो निर्वात करण्यापूर्वी, पात्र थंड असताना एक आणि तापवल्यावर एक असे दोन वेगळ्या धातूच्या बाटल्यांत घ्यावेत. काचेची बाटली वापरू नये, कारण हेलियम काचेतून झिरपते.